हद्दपार आयरिश स्त्रियांचीं दप्तरें

इ. स. १७९१ मध्यें ‘क्वीन’ जहाज कॉर्कहून थेट सिडनीस कैदी घेऊन गेलें. त्यांत स्त्रियाहि होत्या. पुढें बनावट नोटांपायीं हद्दपार झालेल्या आयरिश स्त्रियांचीं चरित्रें लिहूं जातां साधनांची उणीव भासते. ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. त्यांत १८३६ पूर्वींचीं हद्दपारीचीं नोंदणीपुस्तकें गेलीं. १७८८ पासूनचे दयेचे अर्ज मात्र डब्लिनच्या किल्ल्यांत असल्यामुळें बरेच वांचले. परंतु अर्ज बहुधा परहस्ताचा, व शिक्षा चुकविण्यासाठीं लिहिलेला. म्हणून जहाजांच्या याद्या व न्यू साउथ वेल्सची १८२८ ची शिरगणती यांशीं तो ताडावा, असें आमचें मत आहे. खोट्या कागदासाठीं दंडिल्या गेलेल्या स्त्रीचा न्याय आम्हीं तरी अपरीक्षित कागदावर करूं नये.