आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम बघताना: पाटी नाही, रात्रपाळी बघा

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली की आत बाळंतपणं, हर्निया-अपेंडिक्सची ऑपरेशनं करणारं लहानसं खासगी हॉस्पिटल असतं. परदेशातला मुलगा किंवा पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी मुलगी आईसाठी 'जवळचं नर्सिंग होम' मोबाइलवर शोधते, तेव्हा पहिली गल्लत इथेच होते. म्हाताऱ्या माणसाला कायमचं ठेवून घेणारी जागा आपल्याकडे वृद्धाश्रम, ज्येष्ठ नागरिक निवास किंवा अलीकडे केअर सेंटर या नावाने चालते. ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण आतलं काम वेगवेगळं असतं.

वृद्धाश्रम मुळात स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी. खोली, दोन वेळचं जेवण, सोबत आणि भजन-वर्तमानपत्र. अर्धांगवायू झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या किंवा डिमेन्शिया झालेल्या माणसाला अशा अनेक ठिकाणी प्रवेश नसतो. केअर सेंटरमध्ये अंथरुणाला खिळलेले रुग्णही घेतात, पण महिन्याचा खर्च बराच वाढतो. म्हणून फोनवरचा पहिला प्रश्न फी किती हा नसावा. आज चालती-फिरती असलेली आई सहा महिन्यांनी पडली आणि तिला उठता येईना, तर तुम्ही ठेवून घेणार की 'घेऊन जा' म्हणून फोन करणार, हे विचारावं. उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावं. सगळ्यात जास्त घरं फसतात ती इथे, कारण हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी कुणालाच विचारावासा वाटत नाही.

कागदपत्रांचं काय

खासगी दवाखान्यांच्या नोंदणीसाठी कर्नाटकात २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा. वृद्धाश्रमांना देशभर एकसारखी लागू होणारी तशी व्यवस्था नाही. बहुतेक संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेल्या असतात. ती नोंदणी असणं चांगलंच, पण त्यावरून हिशेब ठेवला जातो एवढंच कळतं, आजीला रात्री पाणी मिळतं की नाही ते कळत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांना सामावेल असा एक तरी सरकारी वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. सरकारने तो टप्प्याटप्प्याने काढावा, असं कायदा म्हणतो. गोव्यात 'प्रोव्हेदोरिया' ही सरकारी संस्था पोर्तुगीज काळापासूनच्या परंपरेतून वृद्धाश्रम चालवते. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी खासगी जागा शोधण्याआधी तिथे आणि आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण व ज्येष्ठ नागरिक खात्यात चौकशी करावी.

थोडक्यात, दर्जा तपासायचं काम घरच्यांवरच येतं.

न सांगता जायचं

पहिली भेट वेळ ठरवून होते. तेव्हा फरशी पुसलेली असते, व्यवस्थापक चहा विचारतात, बाग दाखवतात. बागेवर फार वेळ घालवू नये. दुसरी भेट न सांगता, जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी साडेसातनंतर करावी. आत शिरताना नाकाला काय लागतं ते बघा. लघवीचा वास वाईटच, पण सतत फिनेलचा भपकारा येत असेल तरी शंका घ्यावी.

मग थेट संडास-बाथरूम बघावं. खाटेपासून किती पावलं? मध्ये उंबरा आहे का? फरशी ओली आहे का? कमोडच्या बाजूला धरायला दांडा आहे का? कडी बाहेरून उघडता येते का? रात्री वाटेवर दिवा असतो का? म्हातारपणी माणूस पडतो तो बहुतेक वेळा याच वाटेवर, आणि खुबा मोडला की पुढचं सगळं गणित बदलतं.

दाखवण्यासाठी ठेवलेल्या खोलीऐवजी अंथरुणाला खिळलेल्यांची खोली बघायची विनंती करावी. नको म्हणाले तर तेही एक उत्तरच. तिथे पाण्याचा पेला हात पोचेल असा आहे की कोपऱ्यातल्या टेबलावर? नखं कापलेली आहेत का, दाढी केलेली आहे का, दात किंवा कवळी धुतलेली आहे का? सकाळी अकराला सगळेच्या सगळे गाढ झोपलेले दिसले तर झोपेचं औषध कुणाच्या सांगण्यावरून दिलं जातं हे विचारायलाच हवं. हात खाटेला बांधलेले दिसले तर कारण विचारून घ्यावं, आणि ते पटलं नाही तर पुढे बोलणं थांबवावं.

कूस न बदलता पडून राहिलेल्या माणसाला माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर जखमा होतात. त्या टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीही. त्याचा तक्ता भिंतीला किंवा खाटेला लावलेला असतो. तक्त्यात रात्री दोनची आणि चारची सही आहे का ते बघा. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताने एका दमात केलेल्या दिसल्या तर समजून जावं. दुसरी खरी नोंद म्हणजे वजनाची वही. दर महिन्याला वजन घेतलं जात असेल आणि ते घसरत नसेल, तर पोटात जातंय एवढं तरी नक्की.

तिथल्या रहिवाशांशी बोलावं, पण 'इथं बरं आहे ना?' असं मावशींच्या देखत विचारू नये. रात्र त्यांच्याच हाती काढायची असते, त्यामुळे उत्तर 'बरं आहे' असंच येणार. त्याऐवजी काल रात्री काय जेवण होतं, शेवटचं घरचं कोण कधी आलं, रात्री बेल वाजवली तर कोण येतं, असं साधं विचारावं. कर्मचारी त्यांना 'आजी', 'काका' म्हणतात की 'ए म्हातारे', हे वेगळं विचारावं लागत नाही, पाच मिनिटांत कानावर पडतं.

रात्री कोण असतं

दिवसा सिस्टर, डॉक्टर, व्यवस्थापक सगळे असतात. रात्री किती ज्येष्ठांमागे किती माणसं जागी असतात, त्यात शिकलेली नर्स आहे की फक्त मावशी-मामा, ते कुठे झोपतात, हे आकड्यात विचारावं. 'कुणीतरी असतंच' हे उत्तर चालणार नाही. छातीत दुखलं तर हॉस्पिटलला न्यायचा निर्णय कोण घेतं, गाडी कुणाची, आणि घरच्यांचा फोन लागेपर्यंत थांबतात की आधी नेतात, हे महत्त्वाचं.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. चंदगडकडच्या माणसाला मोठं हॉस्पिटल म्हणजे बेळगावच. घर महाराष्ट्रात, उपचार कर्नाटकात. १०८ ची सेवा प्रत्येक राज्याची वेगळी चालते, तेव्हा हद्दीजवळच्या संस्थेला कोणती गाडी कुठून येते हे आधी माहीत हवं. खानापूर-चंदगड भागात निसर्गरम्य जागा बघून भुलण्याआधी जुलैतल्या पावसात, रात्री, त्या रस्त्याने हॉस्पिटलपर्यंत एकदा गाडी चालवून बघावी. वीज गेली तर ऑक्सिजनचं यंत्र आणि हवेची गादी किती तास चालते हेही विचारावं.

दुखतंय ते कोणत्या भाषेत सांगणार

फी आणि खोलीच्या बोलण्यात हा मुद्दा राहूनच जातो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी मात्र तो फार मोठा आहे. हैदराबादेत किंवा हुबळीत आयुष्य काढलेली बाई बाजारात तेलुगू-कन्नड सफाईने बोलते. पण डिमेन्शियात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी पुसट होतात आणि लहानपणची भाषा उरते. मग ती 'पाणी' मागते आणि समोरच्या मुलीला 'नीरु' किंवा 'नीळ्ळु' एवढंच कळतं. गोव्यात 'उदक' ऐकायची सवय असलेल्याला निदान अंदाज येतो. बेळगाव-निपाणीत दोन्ही भाषा बोलणाऱ्या मावशी मिळतात, पण रात्रपाळीच्या नर्सही मराठी समजतात असं धरून चालू नये.

पाण्याचं हातवाऱ्यांनी भागतं, दुखण्याचं भागत नाही. मराठी माणूस नुसतं 'दुखतंय' म्हणत नाही. ठणकतं, खुपतं, चमक मारते, कळ येते, आग होते, छाती भरून येते. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं, आणि 'छाती भरून येते' हे 'पोटात गॅस' असं पोचलं तर जिवावर बेतू शकतं. उपाय फार खर्चाचा नाही. आई नेहमी वापरते ते वीस-पंचवीस शब्द एका बाजूला आणि समोर त्यांचा अर्थ स्थानिक भाषेत, स्थानिक लिपीत, अशी तक्त्याची एक प्रत खाटेजवळ आणि एक फाइलमध्ये लावावी. घरात कुठल्या नावाने हाक मारतात तेही लिहावं. 'मिसेस अमुक' म्हटल्यावर न वळणारी आजी 'माई' म्हटल्यावर वळते.

जेवणाचंही तसंच. जन्मभर ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी खाल्लेल्याला रोज इडली-सांबार किंवा मैद्याची पोळी दिली तर तक्रार न करता तो दोन घास कमी खातो. वजनाच्या वहीत ते दिसतं.

पैसे आणि करार

महिन्याच्या फीमध्ये काय नाही ते आधी विचारावं. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरची भेट, वेगळा अटेंडंट, कपडे धुणं. हॉस्पिटलात भरती झाल्यावर शेजारी कोण बसणार? बऱ्याच संस्था घरच्या माणसाला बोलावतात, आणि घरचा माणूस कॅनडात असतो. त्या काळात इथली फी चालू राहते का? महिना संपायच्या आत मृत्यू झाला तर डिपॉझिट किती दिवसांत परत? हे विचारायला जड जातं, पण करारात लिहिलेलं असावं. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने ६० वर्षांवरील रहिवाशाकडून राहणं-जेवणासह महिन्याला २५ हजारांपर्यंत घेतलेल्या फीवर जीएसटी माफ आहे. बिलात तो लावलेला दिसला तर विचारावं.

सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला. या दोन्ही योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत. वृद्धाश्रमाची फी त्यातून निघत नाही. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातलं हयातीचं प्रमाणपत्र कोण करून देणार हेही ठरवून घ्यावं. ते आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं.

घर किंवा जमीन संस्थेच्या वा नातेवाइकाच्या नावावर करून 'तहहयात सांभाळू' असा शब्द घेतला जात असेल तर सांभाळण्याची अट दस्तऐवजातच लिहून घ्यावी. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेली नसली की भांडण अवघड होतं.

मुलं पैसे देत नसतील तर आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ते स्वतः राहतात किंवा शेवटी राहत होते त्या जिल्ह्यात, किंवा मुलं राहतात त्या जिल्ह्यातही. मुलगा पुण्यात आणि आई बेळगावात असली तरी तिला पुण्याला खेपा घालायची गरज नाही. संस्थेत मारहाण, उपासमार किंवा डांबून ठेवल्याचा संशय आला तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन कुठल्याही राज्यातून लागते.

प्रवेशानंतरचा पहिला महिना वेगळाच असतो. आई रडते, 'मला घरी ने' म्हणते, आणि संस्थावाले 'चार दिवस येऊ नका, सवय होऊ द्या' असं सुचवतात. फोनवर तरी रोज बोलू द्यायला हवं, आणि कुणीतरी नातेवाइकाने दर आठवड्याला, वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी डोकावायला हवं. गावात कुणी नसेल तर शेजारी, शाळेतली मैत्रीण, देवळातलं ओळखीचं माणूस चालेल. त्या माणसाचं नाव प्रवेशाच्या अर्जातच भेटीसाठी परवानगी असलेल्यांत लिहून द्यावं, नाहीतर फाटकावरच अडवतात.