तुळशीतली भांग : कॅनडाचा गांजा कायदा आणि लोकमताचे एक शतक

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढ नागरिकांना केवळ करमणुकीसाठी गांजा विकत घेण्याची आणि ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगण्याची मुभा मिळाली. त्याआधी देशपातळीवर असा निर्णय फक्त उरुग्वेने, २०१३ साली, घेतला होता. न्यूफाउंडलंडचे घड्याळ उरलेल्या देशाच्या पुढे चालते, म्हणून पहिली विक्री तिथल्या सेंट जॉन्स शहरात मध्यरात्रीच्या ठोक्याला झाली. माँट्रियलमध्ये दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. माल इतका अपुरा पडला की क्वेबेक प्रांताच्या सरकारी दुकानांना लवकरच आठवड्यातले तीन दिवस दारे बंद ठेवावी लागली. रांगांची ही छायाचित्रे जगभर छापली गेली आणि लोकमताने एक प्रदीर्घ लढा अखेर जिंकला, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

हा निष्कर्ष आम्हांला घाईचा वाटतो. गांजावरील लोकमताचा इतिहास वाचू लागले की ध्यानात येते, ते असे : लोक गांजाविषयी बोलत आहेत असे वाटते, तेव्हाही ते बहुधा गांजा ओढणाऱ्याविषयी बोलत असतात. आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘तुळशीत भांग उगवली’ असे आपण म्हणतो, तेव्हा भांगेच्या गुणदोषांशी आपल्याला कर्तव्य नसते. ती कोणाच्या वृंदावनात उगवली, एवढ्याशीच कर्तव्य असते. कॅनडाच्या कायद्याचे शतक या वाक्प्रचाराच्या उजेडात वाचून पाहावे, असा आमचा प्रस्ताव आहे.

आरंभ १९२३ सालचा. त्या वर्षी कॅनडाच्या संसदेने अमली पदार्थांच्या यादीत गांजाची भर घातली. या तरतुदीवर चर्चा अशी झालीच नाही. यादीत एक नवे औषध आले आहे, एवढेच मंत्र्यांनी सभागृहाला सांगितले आणि काम पुढे सरकले. देशात गांजा जवळपास अनोळखी होता. पोलिसांच्या हाती तो प्रथम लागला तो पुढे १९३०च्या दशकात. म्हणजे बंदी आधी आली, वस्तू मागून आली आणि मत त्याहूनही मागून आले. या मौनाचा अर्थ लावताना इतिहासकार एमिली मर्फी यांच्या ‘द ब्लॅक कँडल’ (१९२२) या ग्रंथाकडे बोट दाखवीत आले आहेत. मर्फीबाई एडमंटनच्या दंडाधिकारी होत्या, स्त्रियांच्या राजकीय हक्कांसाठी झगडणाऱ्या होत्या आणि लोकप्रिय लेखिकाही होत्या. त्यांच्या ग्रंथात गांजाला एकच प्रकरण मिळाले आहे. बाकी बहुतेक ग्रंथ अफूचा आणि अफूच्या निमित्ताने चिनी, कृष्णवर्णीय आदी ‘परक्यां’चा आहे. या ग्रंथामुळेच कायदा झाला की नाही, याविषयी आज अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याआधी तयार झालेले वातावरण. १९०७ साली व्हँकूवरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध दंगल झाली. नुकसानभरपाईचे दावे तपासायला गेलेल्या मॅकेंझी किंग यांना अफूचे कारखाने दिसले आणि १९०८ साली देशातला पहिला अफू कायदा झाला. ज्यांची घरे-दुकाने फुटली त्यांच्याच चौकशीतून त्यांच्याविरुद्धचा कायदा निघाला! व्यसन परक्याचे असते, हे गृहीतक अशा रीतीने कायद्याच्या पायात आधीच चिणले गेले होते. १९२३मध्ये त्यावर आणखी एक वीट ठेवायला कोणाचे मत विचारण्याची गरज कशाला भासावी?

चार दशकांनी चित्र पालटले, कारण ओढणारा पालटला. १९६१च्या कायद्याने नुसत्या बाळगण्यालाही सात वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. १९६०च्या दशकाच्या आरंभी अशा खटल्यांची संख्या नगण्य होती. दशक सरताना ती हजारांत गेली. आणि आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती विद्यापीठांतली मुले : वकिलांची, डॉक्टरांची, प्राध्यापकांची. भांग तुळशीत उगवली होती. १९६९ साली सरकारने जेराल्ड ल डेन या विधिज्ञांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने केवळ सभागृहांत न बसता महाविद्यालयांत आणि कॉफीगृहांत जाऊन साक्षी घेतल्या. डिसेंबर १९६९मध्ये माँट्रियल येथे जॉन लेनन यांनीही आयोगापुढे आपले म्हणणे मांडले. १९७२च्या अहवालात बहुमताने शिफारस केली की, नुसते बाळगणे हा गुन्हा मानू नये. मारी-आंद्रे बर्त्रां यांनी त्याही पुढे जाऊन सरकारी नियंत्रणाखाली विक्रीचा पुरस्कार केला. इअन कँपबेल यांनी उलट बाजूने भिन्नमत नोंदविले. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्या सरकारने अहवाल स्वीकारला नाही, पण न्यायालये सौम्य झाली. आपल्या मुलाला तुरुंगात पाहण्याची कल्पना मध्यमवर्गाला सहन होईना, हे त्याचे एक कारण असणारच.

या आयोगाने आपल्या पूर्वसूरींमध्ये ज्याचा आधार घेतला, तो एक अहवाल आपल्या भूमीतला होता. ब्रिटिश खासदार विल्यम केन यांनी १८९३ साली पार्लमेंटमध्ये विचारलेल्या प्रश्नातून हिंदुस्थानात ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. त्याने १,१९३ साक्षी नोंदविल्या. त्यांत मुंबई इलाख्याच्या साक्षी आहेत, आणि इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे मोठे केंद्र असलेल्या अहमदनगर जिल्ह्याची माहितीही आहे. गांजाने माणसे वेडी होतात, हा त्या काळचा पक्का समज. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांचे दप्तर उघडले, तेव्हा वेडाच्या कारणाचा रकाना पुष्कळदा पोलिसांनीच भरला होता आणि खरे कारण ठाऊक नसले की ‘गांजा’ लिहिण्याचा प्रघात पडला होता, असे आढळले. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांगेच्या माथी मारले गेले होते. फेरतपासणीत ती संख्या ९८वर आली. बंदी नको, कर आणि परवाने पुरेत, असा निर्णय आयोगाने दिला. त्याच्या सात सदस्यांत तीन भारतीय होते, आणि त्यांपैकी दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. साक्षी चाळताना एक विभागणी पुन्हापुन्हा दिसते : शिवरात्रीला घोटली जाणारी भांग प्रतिष्ठित, चिलमीतला गांजा मात्र मजुरांचा, फकिरांचा, बैराग्यांचा, म्हणून निंद्य. झाड एकच, तुळस वेगळी.

आता पुन्हा कॅनडाकडे वळू. २०१७ साली, कायद्याचा मसुदा संसदेपुढे असताना, पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी एका जाहीर कार्यक्रमात आपल्या दिवंगत धाकट्या भावाची हकिकत सांगितली. १९९८ साली त्याच्याकडे थोडा गांजा सापडला, आरोप ठेवला गेला; वडिलांनी विधिक्षेत्रातल्या ओळखी वापरल्या आणि आरोप मागे पडला. ज्यांना असे वडील नाहीत त्यांचे काय, असा या हकिकतीचा आशय होता. वडील म्हणजे ल डेन अहवाल बाजूला ठेवणारे तेच पिएर ट्रुडो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगातला विपर्यास पुरता उमगतो. विरोधकांनी त्यावर टीका केली ती योग्यच होती. पण कायद्याच्या बाजूने इतकी बोलकी साक्ष दुसरी क्वचितच झाली असेल.

जून २०१८मध्ये सेनेटने विधेयक ५२ विरुद्ध २९ मतांनी मंजूर केले. पुढच्या प्रतिक्रियांत एकसूर नव्हता. मद्याच्या बाबतीत सदैव उदार राहिलेल्या क्वेबेकने १ जानेवारी २०२०पासून गांजासाठी किमान वय २१ केले आणि घरी रोपे लावण्याची बंदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून २०२३मध्ये टिकविली. ऑन्टारिओत ४१४पैकी ७७ नगरपालिकांनी दुकानांना नकार कळविला. त्यांत मार्कम, रिचमंड हिल, मिसिसॉगा ही स्थलांतरितांची मोठी उपनगरे होती. मिसिसॉगाने आपला निर्णय २०२३मध्ये फिरविला. या नकाराला मागासलेपण म्हणणे सोपे आहे. ज्यांच्या पूर्वजांना व्यसनी ‘परके’ ठरवून कायदे झाले, त्यांनी आपल्या दारात हे दुकान नको म्हणावे, यात प्रतिष्ठा जपण्याची जुनी धडपड आहे, असे आम्हांला वाटते. दुसऱ्या टोकाला, कालपर्यंत बंदीचे कट्टर कैवारी असलेले काही माजी पोलीस अधिकारी आणि राजकारणी गांजा कंपन्यांच्या संचालक मंडळांवर दिसू लागले. शेअर बाजाराने त्यांना नवी तुळस मिळवून दिली.

या साऱ्या कोलाहलात जे ऐकू आले नाही, तेच आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. टोरँटोसह अनेक शहरांतील पोलीस नोंदींच्या अभ्यासांतून दिसते की, गांजासाठी अटक होणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे आणि आदिवासींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक होते. जुन्या शिक्षा झालेल्यांना विनाशुल्क माफी देणारा कायदा आला, तो विक्री सुरू झाल्यानंतर, २०१९मध्ये. आणि अर्ज ज्याचा त्याने करायचा. नोंदी आपोआप पुसल्या गेल्या नाहीत. पहिल्या काही वर्षांत माफी मिळाली ती काहीशे जणांना. आदिवासी प्रश्नांच्या सेनेट समितीने कायद्यापूर्वीच बजावले होते की या समाजांशी पुरेसा विचारविनिमय झालेला नाही, तेव्हा अंमलबजावणी लांबवावी. ती लांबविली गेली नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला साक्षीचे महत्त्व निराळे सांगायला नको. कोणताही दस्तऐवज वाचताना कोण बोलतो आहे याच्याइतकेच कोणाला बोलू दिले नाही, हे आपण पाहतो. १८९४च्या अहवालात अधिकारी, डॉक्टर, जमीनदार बोलतात, चिलीम ओढणारा क्वचितच बोलतो; १९२३मध्ये कोणीच बोलत नाही; १९६९मध्ये विद्यार्थी बोलतात; २०१८मध्ये ग्राहक आणि भागधारक बोलतात. या शंभर-सव्वाशे वर्षांत कायदा खूप बदलला. परंतु जिच्या अंगणात तुळसच नाही अशा घरातल्या भांगेची कैफियत अजून कोणत्याही आयोगाने पूर्ण नोंदवून घेतलेली नाही. आणि ती नोंदली जात नाही तोवर लोकमताचा विजय झाला, असे म्हणायला आम्ही तरी धजावत नाही.