शिक्षा, खोडा आणि खोड

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम उभं केलं, त्या संस्थेचं नाव ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं हे केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला आलं. वारली आदिवासींची मुलं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच गुरांमागे नेणारी कुरणशाळा इथलीच. पण नावातला ‘शिक्षा’ मराठी कानाला अडतो. आपल्याकडे शिक्षा होते, भोगली जाते, फार तर माफ होते. शिकवतात ते शिक्षण. ताराबाईंची उमेदीची वर्षं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गेलेली, त्यामुळे शिक्षा म्हणजे शिकणं हा अर्थ त्यांच्या कानावरचाच असणार. गंमत एवढीच, की त्यांच्या ज्या पद्धतीत मुलाला शिक्षाही करायची नाही आणि बक्षीसही द्यायचं नाही, ती पद्धत मराठी मुलखात शिक्षेचं नाव लावून बसली.

संस्कृतात हा शब्द ‘शक्’ धातूपासून येतो. शकणे, समर्थ होणे. त्याचं इच्छादर्शक रूप ‘शिक्ष्’, म्हणजे समर्थ होऊ पाहणे, शिकणे. मग मराठीत त्याचा फटका कसा झाला? वाट ओळखीची आहे. आपण धडा शिकवतो, तो पुस्तकातला नसतो. अद्दल घडवतो, हा अद्दल मुळात अरबी ‘अद्ल’, म्हणजे न्याय, अदालतीचा सख्खा भाऊ. शासनाचंही तेच. एकाच शब्दात राज्यकारभार आणि कानउघाडणी दोन्ही भागतात. म्हणजे कुणाला न्याय दिला, शिकवलं किंवा त्याच्यावर राज्य केलं, तरी मराठीत तो मार खाऊनच बाहेर येतो.

ही शिक्षा भोगण्याची जागा तुरुंग, आणि हा शब्द तर याच किनाऱ्याचा पाहुणा. दमण पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतलं. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, वसई अशी त्यांच्या किल्ल्यांची रांग चिमाजी अप्पांनी १७३९ पर्यंत मोडली, दमण मात्र १९६१ पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिलं. चावी, पगार, घमेलं आणि पाव यांच्याबरोबर ते ‘त्रोंकू’ हा शब्दही ठेवून गेले. त्याचा मूळ अर्थ झाडाचं खोड. भोकं पाडलेल्या ओंडक्यात कैद्याचे पाय अडकवायचे, म्हणून तो ओंडका त्रोंकू. मग ओंडका जिथे ठेवला ती कोठडीही त्रोंकू. आपण त्याचा तुरुंग केला.

मराठीने हीच वाट आधी स्वतः काढलेली होती. खोडापासून खोडा. ‘खोड्यात घालणे’ ही शिक्षा जुनी, आणि कामात खोडा घालणारे आजही पैशाला पासरी. शेजारीच दुसरा शब्द उभा आहे, ती खोड. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ मधली. या दोघांना एका आईची लेकरं ठरवायची घाई नको. झाडाचं ते खोड, सवयीची ती खोड. आणि संस्कृत कोशात ‘खोड’ म्हणजे लंगडा असाही अर्थ दिलेला आहे, व्यंग दाखवणारी खोड त्या बाजूची असू शकते. पण सुटून आलेला माणूस पुन्हा आत का जातो, याचं आपल्या समाजाचं ठरलेलं उत्तर या दोन शब्दांच्या मध्ये सापडतं. आपण म्हणतो, खोड आहे त्याची. खोड्याकडे कुणी बघत नाही.

डहाणू-तलासरीच्या माणसाला पकडलं तर त्याची रवानगी बहुधा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात होते. तेही पोर्तुगीजांनीच बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे तिथून निसटले, १९१० च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांचे दोन सोबती तिथेच फाशी गेले. पण इतिहासात नाव नसलेल्या वारल्याला तिथे जे नाव मिळतं ते ‘कच्चा कैदी’. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. शिक्षा लागली की पक्का. वीटभट्टीवर कच्च्या आणि पक्क्या विटेत फरक एवढाच, की एक आगीतून गेलेली असते. तुरुंगातला कच्चा मात्र पक्का न होताच भाजून निघतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते, चारात तीन. तुरुंगांची क्षमता मात्र साडेचार लाखांच्याही आतली.

कच्च्याला कामाची सक्ती नाही, म्हणून कामच नाही आणि कामाचे पैसेही नाहीत. ‘सक्तमजुरी’ हा गमतीदार शब्द पक्क्याच्या वाट्याचा. त्यातली मजुरी इतकी तुटपुंजी, की कैद्यांना न्याय्य वेतन द्या असं सर्वोच्च न्यायालयाला १९९८ मध्ये सांगावं लागलं. कच्चा नुसता बसतो. सकाळी बराक उघडली की गिनती, संध्याकाळी बंद होताना गिनती. निजायला अंग वळवण्यापुरती जागा. भोवती मुंबईची हिंदी, आणि हा वारली बोलणारा. मुलाकतीला घरून कोणी यायचं तर तलासरीहून डहाणू रोड, तिथून लोकल, मग गाडी बदलून ठाणे. काचेपलीकडच्या चार शब्दांसाठी दिवसाचा रोज बुडतो. दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. कँटीनसाठी मनीऑर्डर नसली की ज्याच्याकडे आहे त्याची सेवा करायची, आणि बाहेर पडल्यावर ती ओळख तशीच राहते. ही तिथली ‘शिक्षा’, अगदी हिंदी अर्थाने.

मग जामिनावर का सुटत नाही? इथे मला सगळ्यांत जास्त रेंगाळावंसं वाटतं, कारण या शब्दाचं जे झालं तेच त्या माणसाचं होतं. अरबी ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. जुन्या मराठीतही जामीन म्हणजे माणूसच. ‘मी त्याला जामीन आहे’ असं म्हणत. पुढे जामीन ही मिळण्याची वस्तू झाली आणि माणसासाठी ‘जामीनदार’ असा वेगळा शब्द पाडावा लागला. आता त्या जामीनदाराकडून मागतात सातबारा आणि ऐपतीचा दाखला. वारलीपाड्यावर शेजाऱ्यासाठी उभा राहणारा माणूस केव्हाही मिळेल, दाखला मिळणार नाही. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, विकता येत नाही. त्याच्या बळावर ऐपत दाखवायची म्हणजे खेटे घालायचे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीन मागितलेला आणि भावाची हमी नाकारलेली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश खोडून काढला. (खोडून काढणे! हाही तिथलाच असेल तर मला आनंदच होईल.)

समजा सुटला. दिवाळीनंतर पाडाच्या पाडा वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, तसा तोही जातो. मधे तारीख पडते. निरोप पोहोचत नाही, पोहोचला तरी उचल घेतलेली असल्याने मालक सोडत नाही. तारीख चुकली की वॉरंट, आणि कागदावर तो ‘फरारी’. हा फारसी शब्द पळून गेलेल्यासाठी आहे; इथला फरारी माती मळत असतो. पुन्हा अटक होते तेव्हा त्याच्या नावापुढे आधीची नोंद असते, त्यामुळे दुसरा जामीन पहिल्याहून अवघड. आत जाण्याची ही दुसरी खेप त्याने काहीही न करता झालेली.

काही करून होते तेव्हा तरी काय केलेलं असतं? मोहाचं झाड घ्या. फुलं वेचणं, वाळवणं, गाळणं हे पिढ्यानपिढ्या चाललेलं. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच बंधनं आणली, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टी गुन्ह्यात बसवली. ‘गुनाह’ म्हणजे फारसीत पाप. पाड्यावर ते पाप कधीच नव्हतं. तीच भट्टी, तेच झाड, दुसरं नगद उत्पन्न नाही; मग पुन्हा तोच गुन्हा. याला खोड म्हणायचं का?

या मुलखाने कोर्टाशिवायची कैदही पाहिली आहे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं सावकाराकडे राबायचे, त्याला नावच होतं ‘लग्नगडी’. वेठ हा संस्कृत ‘विष्टि’, फुकटच्या राबणुकीचा शब्द. आपण आज कुणालाही सहज वेठीस धरतो तो इथून. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरीला वारल्यांनी वेठ नाकारली. लढ्याचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर हद्दपार झाले, वारली तुरुंगात गेले, सुटले, आणि पुन्हा लाल बावट्याखाली आले. पुन्हा पुन्हा आत जाणाऱ्या त्या माणसांना कुणी सराईत म्हटलं नाही, निदान आज तरी म्हणत नाही.

सराईत हा चांगला शब्द होता. हात बसलेला, सरावलेला; सराईत सुतार, सराईत वैद्य. आता तो वर्तमानपत्रात ‘गुन्हेगार’ला चिकटूनच येतो, आणि पुष्कळदा अशा माणसापुढे, ज्याच्यावर गुन्हे नोंदले गेले पण एकही शाबीत झालेला नाही. १८७१ च्या कायद्याने जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये गेला, आणि मुंबई राज्यात १९५९ मध्ये ‘सवयीच्या गुन्हेगारां’चा कायदा आला. जन्म गेला, सवय आली. खोडीचंच सरकारी भाषांतर. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमांतला जातीभेद घटनाबाह्य ठरवला आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. सवयीचा शब्द अजून जायचा आहे.

तोवर डहाणू, तलासरी, जव्हारकडे कुणाचं माणूस आत असेल, तर एवढं त्याच्या घरी जाऊन सांगा. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे. कोठडीतल्या कुणालाही तो आहे. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे याआधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला सोडायला हवं; फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले चालू असलेले तेवढे वगळून. विधी सेवेचा फोन नंबर १५१०० आहे.