मंत्रचळ, मशीन आणि मुलांचा मेंदू

मागच्या भागानंतर एका ताईंची व्हॉइस नोट आली. मुलगा अकरा वर्षांचा. शाळेतून आला की पाऊण तास हात धुतो, तळवे सोलवटलेत. घरातले म्हणतात, "मंत्रचळ आहे, एक ठेवून दिली की जाईल." ताईंचा प्रश्न एवढाच: "मेंदूचा स्कॅन काढला तर कळेल का, की तो हे मुद्दाम करत नाहीये?"

ते 'मुद्दाम' माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज या स्कॅनचाच इतिहास.

विसाव्या शतकात बराच काळ फ्रॉइडच्या विचारांचा पगडा होता. मूल सारखं हात धुतंय? मग लहानपणी शी-शूची शिस्त फार कडक लावली असणार. म्हणजे खापर आईबापांवर. हे चित्र बदलायला मोठा हात लागला तो ज्युडिथ रॅपोपोर्ट यांचा. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये त्यांनी ओसीडी असलेली मुलं तपासली, क्लोमिप्रमिन या औषधाची त्यांच्यावर चाचणी घेतली. औषधाने फरक पडत होता. मग भानगड फक्त संगोपनात कशी असेल?

१९८८ मध्ये त्यांच्या गटाने सीटी स्कॅनचा अभ्यास छापला. मेंदूत खोलवर शेपटीसारखा एक भाग असतो, कॉडेट. तो रुग्णांमध्ये सरासरीने लहान दिसला. पुढच्याच वर्षी सुझन स्वेडो आणि सहकाऱ्यांचा पेट स्कॅन आला. डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा भाग साखर जास्त जाळत होता. लॉस एंजेलिसमध्ये लुईस बॅक्स्टर यांना १९८७ मध्ये मोठ्यांच्या मेंदूत साधारण असंच दिसलं होतं.

पण गंमत बघा. स्वेडोंच्या त्या अभ्यासात मूल एकही नव्हतं! सगळे १८ रुग्ण मोठे होते, आजार तेवढा लहानपणी सुरू झालेला. कारण पेटसाठी किरणोत्सारी साखर टोचावी लागते, आणि तुलनेसाठी धडधाकट मुलांना ती कोण टोचणार? थोडक्यात, मुलांच्या आजाराचे पहिले फोटो मोठ्यांच्या डोक्यातून आले.

खरी मुलं आली ती एमआरआयमुळे. त्यात किरणोत्सार नाही. फक्त त्या ठणठणाटी बोगद्यात न हलता पडून राहायचं, आणि दहा वर्षांच्या पोराला ते सांगून बघा! डेव्हिड रोझेनबर्ग यांच्या गटाने उपचार न झालेली मुलं निवडली, म्हणजे दिसणारा फरक औषधाचा नाही ना, ही शंका मिटते. २००० मध्ये त्यांनी दाखवलं की या मुलांचा थॅलॅमस मोठा होता, आणि पॅरोक्सेटिन घेतल्यावर तो कमी झाला.

भारी वाटतं ना? मलाही वाटलं. पण हे अभ्यास मूठभर मुलांवरचे. एकात एखादा भाग मोठा, दुसऱ्यात तोच लहान. शेवटी एनिग्मा नावाच्या प्रकल्पात जगभरच्या संस्थांनी स्कॅन एकत्र केले. त्यात बंगळुरूची निम्हान्सही आहे. २०१७ च्या निकालात १,८३० रुग्ण होते. औषध न घेणाऱ्या मुलांमध्ये थॅलॅमस मोठा, मोठ्या माणसांमध्ये मात्र वेगळेच भाग बदललेले. म्हणजे मुलांचा ओसीडी ही मोठ्यांच्या ओसीडीची छोटी आवृत्ती नाही.

आता ताईंचं उत्तर. नाही ताई, स्कॅनमधून ते कळणार नाही. हे फरक शेकडो जणांच्या सरासरीतले आहेत आणि बारीक आहेत. एकट्या मुलाच्या फोटोवरून कुणी ओसीडी सांगू शकत नाही. त्यासाठी पैसे घालवू नका. निदान होतं ते मुलाशी आणि तुमच्याशी नीट बोलून.

आणि 'मुद्दाम'चं म्हणाल, तर बॅक्स्टर यांचा १९९२ चा अभ्यास मला सगळ्यात आवडतो. काहींना औषध दिलं, काहींना फक्त वर्तनोपचार: नकोशा गोष्टीला हात लावायचा, धुवायचा नाही, भीती ओसरेपर्यंत थांबायचं. जे सुधारले त्यांच्या उजव्या कॉडेटमधली धावपळ दोन्ही गटांत कमी झाली. हे रुग्ण मोठे होते, पण ही थेरपी मुलांनाही देतात. मारून नाही, शिकवून.

ताईंना मी टेलिमानसचा नंबर पाठवलाय, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरांकडे गेलात की विचारा, "ही हात न धुण्याची थेरपी इथे कोण शिकवतं?"