तळटिपेचे इमान

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या शोधनिबंधांत एक संदर्भ हमखास भेटतो : 'राजवाडे खंड'. पुढे ना खंडाचा क्रमांक, ना लेखांक, ना पान. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि माला २२ खंडांपर्यंत गेली. त्यात एक पत्र शोधायचे तर वाचकाने नेमके काय करावे? असा संदर्भ देणाऱ्याने वाचकाला पुरावा दाखवलेला नसतो. पुराव्याचे नाव घेऊन त्याला गप्प केलेले असते.

संदर्भ देण्याचे शिस्तपालन म्हणजे परीक्षकाच्या समाधानासाठी करायचे काम, असा समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. मराठ्यांच्या इतिहासापुरते तरी तसे नाही, हे ग्रांट डफच्या उदाहरणावरून पटावे. साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या या लष्करी अधिकाऱ्याचा इतिहास १८२६ साली तीन भागांत लंडनला छापला गेला. त्यात तळटिपा भरपूर आहेत. मिळवलेल्या काही हस्तलिखितांच्या नकला आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचेही त्याने नोंदवले. पुढे अभ्यासकांनी त्या शोधल्या तेव्हा त्या हाती लागल्या नाहीत. तळटीप शाबूत आणि कागद गायब, अशी ही अवस्था. डफने तो कागद नीट वाचला का, त्यातले काय घेतले आणि काय सोडले, हे तपासण्याचा मार्गच त्यामुळे खुंटला. १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडे जागा आहे.

पुढच्या पिढीने त्यावर वेगळाच उपाय काढला : निष्कर्षाआधी कागदच छापून लोकांपुढे ठेवायचा. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेला बसून पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. त्यानंतर राजवाडे आले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि १९३०नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या सर्वांनी पत्रांना क्रमांक दिले. आजच्या विद्यार्थ्याला त्याचा मोठा फायदा आहे. पुनर्मुद्रणात पाने बदलतात, लेखांक सहसा बदलत नाही. म्हणून खंड आणि लेखांक आधी, पान नंतर, असा क्रम मी सुचवतो. आणखी एक पथ्य पाळावे. राजवाड्यांची प्रस्तावना हे राजवाड्यांचे मत आहे, तर लेखांक हा पुरावा आहे. दोन्ही एकाच पुस्तकात असले तरी तळटिपेत त्यांची गल्लत होता कामा नये.

तारखेचे प्रकरण याहून नाजूक आहे. जुन्या पत्रांत पुष्कळदा चंद्र आणि मुसलमानी महिना एवढेच असते, वर्ष नसते. ते संपादकाने मजकुरावरून ठरवलेले असते. वर्ष असले तरी ते सुहूर सनाचे, अरबी संख्याशब्दांत लिहिलेले. तिथे 'सबैन'चे 'तिसैन' वाचले गेले तर वीस वर्षांचा फरक पडतो. त्यामुळे तारीख पत्रात आहे की संपादकाची आहे, हे लिहिले पाहिजे. अनुमानाची तारीख मी चौकटी कंसात घालतो.

शकाचा इसवी सन करतानाही ७८ मिळवून भागत नाही. शिवजन्माची तिथी जेधे शकावलीत शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया आहे. १५५१ आणि ७८ मिळून १६२९ होतात. पण फाल्गुन येईपर्यंत इसवी सन पालटलेला असतो, म्हणून ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते. तीही जुन्या, जुलियन पंचांगाची. गोव्याच्या पोर्तुगिजांनी तेव्हा ग्रेगरियन पंचांग स्वीकारले होते आणि सुरतेचे इंग्रज १७५२पर्यंत जुन्यालाच धरून होते. सतराव्या शतकात या दोन्हींत दहा दिवसांचे अंतर पडते. गोव्याचे पत्र आणि सुरतेचे पत्र शेजारी ठेवून कोणती बातमी आधी पोचली हे ठरवायचे असेल, तर तळटिपेत पंचांगाचे नाव हवेच.

याच शिवजन्माच्या वादात संदर्भाचे मोल पुरते कळते. काही बखरींच्या आधारे १६२७चा वैशाख मानला जात होता. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि वादाचे रूपच बदलले. पुढे 'शिवभारता'तही तीच फाल्गुनातली तिथी मिळाली. येथे साधनांची संख्या मोजून निकाल लागत नाही. साधन घटनेच्या किती जवळचे, हे पाहावे लागते. सभासदाची बखर १६९७ची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांची. चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. संदर्भसूचीत दोन्हींपुढे फक्त छापील आवृत्तीचे साल टाकले, तर हे शतकाहून अधिक अंतर वाचकाच्या नजरेतून निसटते. म्हणून मूळ रचनेचा काळ आणि छपाईचे साल, दोन्ही द्यावीत.

सूची करताना नावांचाही घोळ होतो. नुसते 'खरे' लिहिले तर मिरजेचे वासुदेवशास्त्री की फार्सी साधनांचे अभ्यासक ग. ह. खरे? आडनाव आधी, मग नाव किंवा आद्याक्षरे, ग्रंथनाम, खंड, संपादक, प्रकाशक, स्थळ, आवृत्ती, साल, हा क्रम ठेवावा. शके छापलेले असतील तर शके लिहून इसवी सन कंसात द्यावा. एखाद्याने चिन्हे वेगळी वापरली तरी बिघडत नाही, मात्र सगळीकडे एकच रीत हवी. मूळ पत्र न पाहता सरदेसायांच्या 'मराठी रियासती'तून घेतले असेल, तर 'रियासतीतून उद्धृत' असे सरळ म्हणावे. त्यात कमीपणा नाही. न पाहिलेल्या कागदाचा लेखांक देणे मात्र खोटी साक्ष आहे.

आज हे आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण इतिहासावरून माणसे एकमेकांच्या अंगावर जातात आणि 'अस्सल पत्र' म्हणून काहीही हातोहात फिरते. कुठल्या दप्तरातले, अस्सल की नक्कल, कुणी कुठे छापले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ धुरळा खाली बसतो. शिवाय वाड्यांतले रुमाल वाळवीने खाल्ले, वाटण्यांत विखुरले, रद्दीत गेले. अशा कागदांची छापील प्रत हाच आता एकमेव माग असू शकतो. तो माग पुसट झाला, तर पुढच्या अभ्यासकाला आपले म्हणणे खोडून काढण्याचीही सोय उरणार नाही. ती सोय त्याच्यासाठी राखून ठेवणे हेच तळटिपेचे काम आहे.