एकशे पंचेचाळीसची खूण

घराच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीने दोन खुणा करून ठेवल्या आहेत. खालची जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, वरची १५२.४ वर. वरची खूण म्हणजे बॅडमिंटनच्या जाळ्याची मधोमध असलेली उंची, बरोबर पाच फूट. खालची म्हणजे पॅरा-बॅडमिंटनच्या एसएच६ या कमी उंचीच्या गटात पुरुष खेळाडूला चालणारी कमाल उंची. या गटातल्या सर्वांत उंच पुरुषाचे डोकेही जाळ्याच्या वरच्या पट्टीला पोहोचत नाही. जाळे त्याच्यासाठी खाली आणत नाहीत. काही गटांत एकेरी अर्ध्या कोर्टवर खेळतात, तीही सवलत इथे नाही. १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असे पूर्ण कोर्ट आखूड पायांनी धावून काढायचे.

५ सप्टेंबर २०२१ रोजी टोकियोत जयपूरच्या कृष्णा नागरने हाँगकाँगच्या चू मान काईला २१-१७, १६-२१, २१-१७ असे हरवले आणि या गटाचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण भारतात आले. बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये खेळले जाण्याची ती पहिलीच वेळ. कृष्णाची उंची चार फूट पाच इंच. उडी मारून मारलेल्या स्मॅशसाठी तो ओळखला जातो; जाळ्याची उंची लक्षात घेतली की ती उडी हौसेची नाही हे कळते. वामनाची उपमा इथे कोणालाही सुचेल. मी ती टाळतो, कारण वामनाला शेवटी मोठे व्हावे लागले होते.

त्याआधी ३९ दिवस, २८ जुलैला, नंदू नाटेकर पुण्यात गेले. सांगलीत जन्मलेले नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला जिंकले आणि आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. टोकियोची बातमी वाचताना ही दोन्ही नावे मला शेजारी शेजारी दिसली आणि मी या खेळाच्या मागे लागलो.

मी राहतो ते कोरेगाव भीमा पुणे-नगर रस्त्यावर आहे. भीमेपलीकडे पेरण्याच्या हद्दीत रणस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ ला इथे लढलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आदल्या संध्याकाळी शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. त्या युद्धात पेशवाई संपली आणि पुणे-खडकी परिसरात इंग्रजांची छावणी कायमची बसली. पुढे याच छावणीतले अधिकारी जाळे बांधून पिसांचे फूल टोलवू लागले आणि त्या खेळाला नाव पडले ‘पूना’. नियमही इथेच १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिले गेले, असे खेळाचे बहुतेक इतिहास सांगतात. बॅडमिंटन पुण्यात जन्मले, हे आपले आवडते वाक्य मला थोडे सैल वाटते. फूल टोलवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात कितीतरी जुना आहे. छावणीने त्याला शिस्त दिली, आणि इंग्लंडमधल्या ज्या सरदारी वाड्यात तो पुढे रुजला त्या वाड्याचे नाव त्याला चिकटले. पण जाळ्याच्या उंचीचा विचार झाला तेव्हा नजरेसमोर लष्करी गडी होता, एवढे नक्की.

गंमत अशी की अपंगांच्या खेळांच्या मुळाशीही लष्करी गडीच होता. १९४८ साली डॉ. लुडविग गुट्टमन यांनी स्टोक मँडव्हिलला स्पर्धा भरवल्या त्या युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी. भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण १९७२ साली हायडेलबर्गला जलतरणात मिळवणारे आपले मुरलीकांत पेटकरही १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले सैनिक. जखम झालेल्या माणसाची व्याख्या सोपी असते: आधी होते, आता नाही. जन्मतःच बुटक्या माणसाने काही गमावलेले नसते. मग त्याला कुठल्या रकान्यात घालायचे? १९८४च्या पॅरालिम्पिकमध्ये त्याच्यासाठी जो रकाना निघाला त्याचे फ्रेंच नाव होते ‘ले झोत्र’, म्हणजे ‘बाकीचे’. कमी उंचीच्या लोकांनी १९९३ साली शिकागोला आपल्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवल्या, त्याची थोडी कारणे या नावातच आहेत.

आपल्याकडे तर ‘बाकीचे’ हा रकानाही नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात बुटकेपणा नाही. सर्कशीत विदूषक, सिनेमात हशा, शाळेत टोपणनाव, एवढीच जागा. २०१६च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी प्रौढ उंची ही अस्थिव्यंगात मोजली. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. म्हणजे बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धांत या गटात आपले खेळाडू उतरू लागले होते, मुंबईचा मार्क धरमाईही त्यांत होता, आणि कायद्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. खेळाने त्यांना आधी मोजले, सरकारने नंतर.

मात्र दोघांची टेप वेगळी आहे. १४६ सेंटिमीटरचा पुरुष कायद्याने दिव्यांग ठरू शकतो, पण या गटात खेळू शकत नाही. पुरुषांच्या बाबतीत हा फरक दोन सेंटिमीटरांचा आहे. कायदा स्त्री-पुरुष भेद करीत नाही. खेळात स्त्रियांची मर्यादा १३७ आहे. म्हणजे १४० सेंटिमीटरच्या बाईच्या हाती दाखला येऊ शकतो, पण निव्वळ उंचीवर तिला कोर्टवर गट नाही. दोन्ही आकड्यांमागे आपापले तर्क असतील. मला फक्त एवढे दिसते की मधल्या दहा सेंटिमीटरांत खरी माणसे राहतात.

शिवाय टोकियोत या गटात पदक होते ते पुरुष एकेरीचेच. १३७च्या आतल्या बायकांनाही तिथे काही नव्हते. महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी आली ती २०२४ला पॅरिसमध्ये. तिथे कृष्णा नागर गटसाखळीतच अडकला. पुरुषांचे सुवर्ण फ्रान्सच्या चार्ल्स नोक्सने घरच्या प्रेक्षकांसमोर नेले, इंग्लंडचा क्रिस्टन कूम्ब्ज दुसरा आला. आपल्याकडे या गटातले पदक आणले ते तामिळनाडूच्या नित्या श्री सिवनने. २ सप्टेंबरला तिने इंडोनेशियाच्या रिना मार्लिनाला २१-१४, २१-६ असे हरवून कांस्य घेतले.

त्या रात्री मी चौकटीवर तिसरी खूण केली, १३७ वर. घरच्यांना वाटले नातीची उंची मोजतो आहे.