दोन डोक्यांचा संगणक

२००६ सालची गोष्ट. आमच्या छोट्याशा दिवाळी अंकाची पानं मी घरीच जुळवत असे. जुना संगणक रडतखडत चालायचा. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, हा नवा घ्या. याला दोन डोकी आहेत. काम निम्म्या वेळात.’’ जाहिरातींची आगाऊ आलेली रक्कम माझ्याकडे होती. खरं तर ती कागदासाठी राखलेली. ती दिली आणि दोन प्रोसेसरवाला संगणक घरी आणला.

पानं छपाईसाठी तयार करायला पूर्वी जितका वेळ लागे, तितकाच आताही लागला. चहाचे दोन कप पूर्वीही होत, आताही झाले. कागदाचे पैसे मात्र गेले.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला माझा भाचा ईदला आला, तेव्हा त्यानं यंत्राच्या कामाचा तक्ता उघडून दाखवला. ‘‘मामू, बघा. आकडा पन्नास टक्क्यांच्या वर जातच नाही. तुमचं पानजुळणीचं सॉफ्टवेअर एका डोक्यासाठी लिहिलेलं आहे. दुसरं डोकं नुसतं बसून आहे. आणि एकेका डोक्याचा वेग म्हणाल, तर तो जुन्या यंत्राइतकाच आहे.’’

मी बी. ए. झालेला माणूस, तेही साहित्य घेऊन. पण पैसे आपले गेले की विषय आपोआप आपला होतो. तेव्हापासून वाचत गेलो, आणि कळलं की माझ्या फसगतीमागे फार जुना वाद आहे.

या वादाची सुरुवात मी संगणकाच्याही आधीपासून धरतो. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ क्वेकर पंथाचा, म्हणजे युद्धाला धर्मानंच विरोध असलेला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. मधल्या वेळात त्यानं एक अचाट उद्योग केला. २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन, त्या दिवशीचं सहा तासांचं हवामान केवळ आकडेमोडीनं काढता येतं का, हे तो हातानं करून पाहत होता. सहा तासांच्या अंदाजासाठी त्याचे आठवडेच्या आठवडे गेले आणि उत्तर आलं ते साफ चुकीचं. १९१७ साली लढाईच्या धांदलीत त्याचं हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. हस्तलिखित हरवण्याचं दुःख काय असतं हे आम्हा लिहिणाऱ्यांना सांगायला नको.

१९२२ साली ते पुस्तकरूपानं निघालं. त्यात त्यानं एक स्वप्न रंगवलं आहे. एक प्रचंड गोल नाट्यगृह, आतल्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि त्यात बसलेली ६४,००० आकडेमोड करणारी माणसं. प्रत्येकानं आपापल्या तुकड्याचं गणित करायचं आणि उत्तर शेजाऱ्याला कळवायचं. मधोमध उंच मनोऱ्यावर एक संचालक. जो भाग पुढे पळेल त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकणार आणि जो मागे रेंगाळेल त्याच्यावर निळा. अनेक डोक्यांच्या संगणकाचा सगळा पेच मला या गुलाबी-निळ्या दिव्यांत दिसतो. पुढे गेलेल्याला शेजाऱ्याच्या उत्तरासाठी थांबावंच लागतं. माणसं ६४,००० असोत, वेग ठरतो तो मागे राहिलेल्यावरून.

हा प्रश्न रोखठोक मांडला जीन अ‍ॅमडाल यांनी. आयबीएमच्या प्रसिद्ध ‘३६०’ संगणकांच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा अमेरिकेत अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांची हवा होती. डॅनियल स्लॉटनिक यांचा ‘इलियाक-४’ हा २५६ घटकांचा प्रकल्प सुरू झाला होता. १९६७ मध्ये अटलांटिक सिटीच्या परिषदेत अ‍ॅमडाल यांनी जेमतेम तीन-चार पानांचा निबंध वाचला. त्यात सूत्र नव्हतं, ते पुढे इतरांनी मांडलं. म्हणणं एवढंच होतं की, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तोच शेवटी तुमची वेस ठरवतो.

लग्नाच्या दावतीतली बिर्याणी घ्या. एकच देग. कांदा चिरणं, गोश्त धुणं, तांदूळ निवडणं ही कामं एकट्या बावर्चीनं केली तर समजा पाच तास लागतात. मग एक तास दम. एकूण सहा तास. दहा माणसं लावली तर पाच तासांचं काम अर्ध्या तासात उरकेल, पण दम एक तासच. एकूण दीड तास. माणसं दहापट, वेग चौपट. आता शंभर माणसं लावा. तीन मिनिटांत चिराचिरी संपेल आणि शंभर जण एक तास देगेकडे बघत बसतील. सहापट वेगाची वेस काही ओलांडता येणार नाही. शिवाय शंभर माणसं एका अंगणात सुऱ्या घेऊन उभी राहिली की काय गोंधळ होतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

‘इलियाक-४’ची कहाणी अ‍ॅमडाल यांच्या बाजूनं गेल्यासारखी दिसते. २५६ पैकी ६४ घटकच बांधले गेले, ८० लाख डॉलरचा अंदाज ३ कोटींच्या पुढे गेला, आणि १९७२ मध्ये पोहोचलेलं यंत्र नीट कामाला लागायला १९७५ उजाडलं.

उलटं उत्तर यायला वीसेक वर्षं लागली. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतले जॉन गुस्ताफसन आणि त्यांचे सहकारी यांनी १,०२४ प्रोसेसरांच्या यंत्रावर तीन शास्त्रीय गणितं चालवली आणि हजारपटीहून अधिक फायदा दाखवून दिला. अ‍ॅमडाल चुकले होते का? नाही. गुस्ताफसन यांचं म्हणणं असं की, मोठं यंत्र मिळाल्यावर कोणी तेच छोटं काम घेऊन बसत नाही. शंभर माणसं मिळाली तर एक देग लवकर उतरवू नका, शंभर देगा चढवा. दम तेव्हाही एक तासच, पण सारा गाव जेवेल.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारताला हवामानासाठी अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. पुष्कळ वाटाघाटींनंतर दिल्लीला मिळाला तो मागितल्यापेक्षा कमी ताकदीचा, एकाच प्रोसेसरचा ‘एक्स-एमपी १४’. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली गणेशखिंडीच्या परिसरात वेगळी वाट धरली गेली. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग ब्रिटनमध्ये बनणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे लहान प्रोसेसर एकमेकांना जोडायचे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, ६४ प्रोसेसरांचा. पण यंत्र जोडणं हे निम्मंच काम. एका डोक्यासाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम त्यावर आपोआप धावत नव्हते. ते तोडून, वाटून, पुन्हा लिहावे लागत. वर्तमानपत्रांत फोटो यंत्राचे आले, हे पुनर्लेखन करणाऱ्यांचे कोणी छापले नाहीत. जाता जाता सांगतो, संगणकावर देवनागरी अक्षरं आणणारं ‘जिस्ट’चं कामही याच सी-डॅकमध्ये वाढलं. माझ्या कविता त्या अक्षरांतूनच छापखान्यात गेल्या.

मग हे अनेक डोक्यांचं प्रकरण माझ्या टेबलावर का आलं? उष्णतेमुळे. प्रोसेसरचा वेग दर दोनेक वर्षांनी वाढत होता आणि जुनं सॉफ्टवेअर काही न करता पळू लागत होतं. पण वेग वाढवावा तशी चिप तापू लागली. २००४ मध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्झच्या चिपचा बेत सोडला आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी यांनी घरगुती संगणकांसाठी दोन डोक्यांच्या चिप बाजारात आणल्या. त्याच वर्षी हर्ब सटर यांनी प्रोग्रॅमरांना उद्देशून, फुकटची पंगत आता उठली, अशा अर्थाचा लेख लिहिला. यापुढे वेग हवा असेल तर सॉफ्टवेअर वाटून लिहावं लागेल. ही बातमी आमच्या दुकानदारापर्यंत पोहोचली नव्हती. किंवा पोहोचली असेल, कोण जाणे.

हे पुनर्लेखन किती चिवट असतं याची दोन उदाहरणं. लिनक्सनं १९९६ मध्ये अनेक प्रोसेसरांना जागा दिली, ती गाभ्याला एकच मोठं कुलूप घालून. एक प्रोसेसर आत असला की दुसऱ्यानं दाराशी थांबायचं. ते कुलूप हळूहळू सोडवत पूर्ण निघायला २०११ उजाडलं. पायथन या लोकप्रिय भाषेतही असंच एक कुलूप आहे. त्याशिवाय चालणारी आवृत्ती आली ती २०२४ मध्ये, तीही प्रयोग म्हणून. भाचा सांगतो, कुलूप काढणं सोपं, पण मग दोघं एकाच वहीत एकाच ओळीवर लिहायला लागतात, आणि ती चूक रोज होत नाही, कधीतरीच होते. त्यामुळे शोधायला महिने जातात.

त्या ईदला त्यानं मला एक तोड सुचवली. पानं एका बाजूला तयार होत असताना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं साफ करायची. एक काम लवकर झालं नाही, पण दोन कामं शेजारी शेजारी झाली आणि तक्त्यातला आकडा पन्नासच्या वर चढला. कागदाचे पैसे एका मित्राकडून उसने आणले. अंक तरीही दिवाळी संपल्यावरच निघाला. मुद्रितं तपासायला मी एकटाच होतो.